शीटमधला भाव येतो कुठून? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत. शेअरचे भाव, फंडाची एनएव्ही (एका युनिटची किंमत), डॉलरचा रेट हे सगळं हाताने न भरता शीटमध्ये आपोआप कसं आणायचं, आणि आलेला आकडा कितपत खरा धरायचा. सारखे प्रश्न एकत्र केलेत. फंक्शनची नावं आणि शेअरचे सिम्बॉल (बाजारातली छोटी नावं) इथे देवनागरीत छापलेत, शीटमध्ये मात्र ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे.

प्रश्न (गिरगाव): नमस्कार. मी बँकेतून रिटायर झालोय. रोज संध्याकाळी मोबाइलवर बघून माझ्याकडच्या वीसेक शेअर्सचे भाव एक्सेलमध्ये स्वतः भरतो. मुलगा म्हणतो हे आपोआप येतं. खरंच येतं का, आणि त्याला पैसे पडतात का? लॅपटॉपवर एक्सेल 2016 आहे.

उत्तर: काका, येतं, आणि गूगल शीट्स वापरलंत तर एक पैसाही पडत नाही. तिथे गूगलफायनान्स नावाचं फंक्शन आहे, त्याला शेअरचा सिम्बॉल द्यायचा आणि काय हवंय ते सांगायचं, बास. ए कॉलममध्ये एक्स्चेंजचं नाव, कोलन आणि सिम्बॉल लिहा, उदाहरणार्थ एनएसई:रिलायन्स, मध्ये स्पेस अजिबात नको. बी कॉलममध्ये तुमच्याकडे किती शेअर आहेत ते. सीमध्ये =गूगलफायनान्स(ए2,"प्राइस") आणि डीमध्ये बी गुणिले सी. मग सी आणि डी खाली ओढत न्या, वीस ओळी दोन मिनिटांत होतात. "प्राइस"च्या जागी "क्लोजयेस्ट" लिहिलं तर कालचा बंद भाव येतो, "चेंजपीसीटी" लिहिलं तर आजचा टक्क्यातला फरक, "हाय52" आणि "लो52" लिहिलं तर वर्षातला सगळ्यात वरचा आणि खालचा भाव. बीएसईचा भाव हवा असेल तर एनएसईच्या जागी बीओएम लिहायचं, आणि तिथे सहा आकडी स्क्रिप कोड चालतो, रिलायन्सचा 500325, इन्फोसिसचा 500209.

सिम्बॉलमध्ये लोक अडकतात. स्टेट बँकेचा सिम्बॉल एसबीआय नाही, एसबीआयएन आहे. लार्सनचा नुसता एलटी. अंदाजाने टाइप करू नका, एनएसईच्या साइटवर कंपनीच्या पानावर असतो तो जसाच्या तसा उचला.

भाव 20 मिनिटांपर्यंत उशिरा येऊ शकतो हे गूगलनेच सांगून ठेवलंय, म्हणून बाजार चालू असताना या आकड्यावर खरेदी-विक्री करू नका. तुम्ही संध्याकाळी बघता, बाजार साडेतीनला बंद झालेला असतो, त्यामुळे तुमचं काहीच अडत नाही.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगतो, कारण नुकसान तिथे होतं. फॉर्म्युला फक्त भाव आणतो, तुमच्याकडे शेअर किती आहेत हे त्याला माहीत नसतं. ऑक्टोबर 2024 मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस (प्रत्येक शेअरमागे एक फुकट शेअर) दिला, भाव साहजिकच निम्म्यावर आला, आणि ज्यांनी बी कॉलममधली संख्या दुप्पट केली नाही त्यांच्या शीटमध्ये रिलायन्सची किंमत रातोरात अर्धी झालेली दिसली असणार. विलीनीकरणाचंही तसंच, एचडीएफसी लिमिटेड 1 जुलै 2023 पासून एचडीएफसी बँकेत गेली, 25 शेअरच्या बदल्यात बँकेचे 42 मिळाले, म्हणजे जुना सिम्बॉलही गेला आणि संख्याही बदलली. झोमॅटोचं नाव इटर्नल झालं तेव्हा 2025 मध्ये सिम्बॉलही बदलला. अशा वेळी सेलमध्ये एरर येते किंवा जुनाच भाव अडकून राहू शकतो. म्हणून एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डीमॅट सांभाळणाऱ्या संस्थांकडून ईमेलवर जे एकत्रित स्टेटमेंट येतं ते उघडून त्यातली संख्या शीटशी जुळवत जा, बँकेतल्या माणसाला टॅली कशी करायची ते मी काय सांगणार.

आणि एक कळकळीची विनंती. एरर दिसायला वाईट दिसते म्हणून बरेच जण इफएररमध्ये फॉर्म्युला गुंडाळतात आणि एरर आली की शून्य दाखव असं सांगतात. हे करू नका! एका शेअरचा भाव आला नाही की तिथे गुपचूप शून्य बसतं, खालची बेरीज कमी होते, आणि बघणाऱ्याला वाटतं बाजार पडला. एरर दिसू दे. ती दिसली तरच तुम्ही दुरुस्त कराल.

एक्सेल 2016 मध्ये हे फंक्शन नाही. मायक्रोसॉफ्ट 365 चं सबस्क्रिप्शन असेल तर स्टॉक्स नावाचा डेटा टाइप आहे आणि स्टॉकहिस्टरी फंक्शन आहे, तिथे एनएसईसाठी एक्सएनएसई आणि बीएसईसाठी एक्सबीओएम असं लिहावं लागतं. पण स्टॉकहिस्टरी दिवस संपल्यावरचा भाव देतं, चालू भाव नाही. नुसत्या एवढ्यासाठी सबस्क्रिप्शन घेऊ नका, शीट्सवर या. तुमची जुनी फाइल तिथे अपलोड होते.

प्रश्न (मुलुंड): मी शाळेत शिक्षिका आहे. चार म्युच्युअल फंडांत एसआयपी चालू आहे. शेअरचं फंक्शन फंडाला लावलं तर एररच येते. नाव इंग्रजीत वेगवेगळ्या प्रकारे लिहून बघितलं. काय करू?

उत्तर: ताई, तुमचं काही चुकत नाहीये. आपल्या म्युच्युअल फंडांसाठी गूगलफायनान्सवर भरवसा ठेवून चालत नाही. आपल्याकडे एनएव्हीचं मूळ ठिकाण म्हणजे ॲम्फी, म्हणजे फंड कंपन्यांची संघटना. त्यांच्या साइटवर रोज सगळ्या स्कीमच्या एनएव्हीची एक टेक्स्ट फाइल येते, नाव एनएव्हीऑल, फुकट, लॉगिन नाही काही नाही. प्रत्येक ओळीत स्कीम कोड, दोन आयसिन (ओळखीचे नंबर), स्कीमचं नाव, एनएव्ही आणि तारीख, मध्ये सेमीकोलन.

तिची लिंक इम्पोर्टडेटा फंक्शनला दिली तर फाइल थेट शीटमध्ये येऊ शकते, विभागणारं चिन्ह सेमीकोलन आहे हे मात्र सांगावं लागतं. पण फाइल हजारो ओळींची आहे, शीट जड होतं, कधी कधी लोडच होत नाही. चार फंडांसाठी मी तर म्हणेन महिन्यातून एकदा फाइल उघडा, सगळं कॉपी करून वेगळ्या टॅबमध्ये पेस्ट करा, स्प्लिट टेक्स्ट टू कॉलम्सने सेमीकोलनवर तोडा, आणि तुमच्या मुख्य टॅबमधून व्हीलुकअप या शोधून आणणाऱ्या फंक्शनने स्कीम कोडवरून एनएव्ही ओढा. एसआयपीवाल्याला रोजची एनएव्ही बघून करायचंय तरी काय? एक्सेल 2016 वाल्यांनी डेटा मेनूतल्या फ्रॉम वेबने हीच फाइल आणावी, नंतर नुसतं रिफ्रेश दाबलं की नवी येते.

शोधायचं ते कोडनेच, नावाने नाही. एकाच फंडाच्या चार चार ओळी असतात, रेग्युलर ग्रोथ, रेग्युलर आयडीसीडब्ल्यू, डायरेक्ट ग्रोथ, डायरेक्ट आयडीसीडब्ल्यू (रेग्युलर म्हणजे एजंटमार्फत, डायरेक्ट म्हणजे थेट कंपनीकडून, आणि आयडीसीडब्ल्यूत डिव्हिडंड वाटतात), आणि प्रत्येकीची एनएव्ही वेगळी. डायरेक्ट प्लॅन जानेवारी 2013 पासून आले, तेव्हापासूनचा कमिशनचा फरक साठत साठत आज जुन्या फंडात डायरेक्ट आणि रेग्युलरच्या एनएव्हीत चांगलंच अंतर पडलंय, म्हणजे चुकीची ओळ उचललीत तर तुमची रक्कम हजारोंनी चुकेल आणि कळणारही नाही. तुमचा प्लॅन कुठला ते स्टेटमेंटवर लिहिलेलं असतं, तो एकदा बघून त्याचा कोड शीटमध्ये कायमचा लिहून ठेवा.

व्हीलुकअपच्या शेवटी फॉल्स लिहायला विसरू नका, नाहीतर ते जवळपासचं काहीतरी आणून देतं. तरीही सापडत नसेल तर एका बाजूला कोड आकडा म्हणून आणि दुसऱ्या बाजूला टेक्स्ट म्हणून बसलाय का ते बघा, बहुतेक वेळा तेच असतं. आणि एनएव्हीच्या शेजारी तारखेचा कॉलमही ओढाच. त्या दिवसाची एनएव्ही साधारण रात्री अकरापर्यंत चढते, त्यामुळे संध्याकाळी सातला दिसते ती आदल्या दिवसाची असते, आणि बंद पडलेल्या स्कीमच्या ओळीत कितीतरी जुनी तारीख दिसेल.

प्रश्न (बोरिवली): एका वेबसाइटवरून इम्पोर्टएचटीएमएल वापरून पीई (भाव भागिले प्रति शेअर नफा), बुक व्हॅल्यू वगैरे आणत होतो. वर्षभर मस्त चाललं, गेल्या महिन्यापासून सगळीकडे एरर. परत कसं चालू करू?

उत्तर: याच्यावर कायमचा उपाय नाही. इम्पोर्टएचटीएमएल पानावरचा कितवा तक्ता घ्यायचा हे नंबरवरून ठरवतं, साइटवाल्यांनी वर एक तक्ता वाढवला की तुमचा तिसरा तक्ता चौथा होतो. आणि हल्ली बऱ्याच साइटवर आकडे पान उघडल्यानंतर स्क्रिप्टने भरले जातात, फंक्शनला रिकामंच पान दिसतं. तक्त्याचा नंबर बदलून बघा, चाललं तर चाललं. नाहीतर पीई आणि ईपीएस (प्रति शेअर नफा) गूगलफायनान्सनेही मिळतात, तेवढ्यावर भागवा. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये याहूने फुकट भाव देणारी सेवा बंद केली तेव्हा जगभरातली कितीतरी शीट्स एका दिवसात ठप्प झाली होती, म्हणजे मोठ्या कंपनीची सोयसुद्धा कायमची नसते. म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी आलेले आकडे निवडून कंट्रोल-शिफ्ट-व्हीने नुसत्या व्हॅल्यू म्हणून एका टॅबमध्ये चिकटवा, शेजारी तारीख आणि कुठून आणले ते लिहा. उद्या फॉर्म्युला मेला तरी तुमचा इतिहास तुमच्याकडे राहील.

पीईबद्दल मात्र जरा थांबून सांगायचंय. कुठल्या साइटवर स्टँडअलोन (एकट्या कंपनीच्या) नफ्यावरचा पीई असतो, कुठे कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून), दोन्ही बरोबर असतात पण दोन्ही एका कॉलममध्ये आले की तुलना फुकट जाते. खुद्द निफ्टीचा पीईसुद्धा मार्च 2021 च्या अखेरपर्यंत स्टँडअलोन नफ्यावर काढत होते, त्यानंतर कन्सॉलिडेटेडवर काढायला लागले, आणि आकडा एका झटक्यात चाळिशीजवळून तेहतिसच्या आसपास उतरला. बाजार तेवढा पडला नव्हता. जुन्या पीईशी तुलना करून "आता महाग, आता स्वस्त" म्हणणाऱ्या शीटमध्ये 2021 च्या जागी जाड रेघ मारून ठेवा.

प्रश्न (विलेपार्ले): वडिलांनी 2010 च्या आसपास घेतलेले इन्फोसिसचे शेअर आता विकायचेत. टॅक्ससाठी 31 जानेवारी 2018 चा भाव लागतो असं कळलं. तो शीटमधून मिळेल का?

उत्तर: मिळेल, पण तसाच वापरू नका.

आधी नियम. 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेल्या लिस्टेड शेअर्ससाठी त्या दिवशीचा सगळ्यात वरचा भाव बघायचा, बंद भाव नाही. तो आणि विक्रीचा भाव यातला जो कमी तो घ्यायचा, मग तो आणि वडिलांची खरी खरेदी किंमत यातला जो जास्त तो तुमचा खरेदीचा आकडा धरायचा. त्याच्यावर जो नफा राहील त्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत टॅक्स नाही, पुढे साडेबारा टक्के, हा दर 23 जुलै 2024 पासूनचा.

फॉर्म्युला असा, =इंडेक्स(गूगलफायनान्स("एनएसई:आयएनएफवाय","हाय",डेट(2018,1,31)),2,2). जुनी तारीख दिली की हे फंक्शन वर हेडिंगची ओळ आणि खाली तारीख-भाव अशी छोटी टेबल देतं, त्यातली दुसरी ओळ दुसरा कॉलम उचलायला इंडेक्स लावलंय.

आता अडचण. इन्फोसिसने सप्टेंबर 2018 मध्ये एकास एक बोनस दिला. जुने भाव देणाऱ्या बऱ्याच सेवा अशा बोनसनंतर मागचे सगळे भाव त्या प्रमाणात कमी करून दाखवतात, आलेख सलग दिसावा म्हणून. म्हणजे शीटमध्ये 31 जानेवारी 2018 चा जो भाव येतो तो त्या दिवशी खरोखर झालेल्या भावाच्या निम्मा असू शकतो. चार्ट बघणाऱ्याला ते सोयीचं आहे, टॅक्सला नाही, कारण टॅक्समध्ये मूळ शेअरला त्या दिवशीचा खरा पूर्ण भाव मिळतो आणि त्या तारखेनंतर आलेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात. समजा वडिलांचे 100 होते, बोनसने 200 झाले. सगळे 200 एकदम विकले तर निम्मा भाव गुणिले 200 आणि पूर्ण भाव गुणिले 100, बेरीज एकच येते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण 100 च विकले तर डीमॅटमध्ये आधी आलेले आधी गेले असं धरतात, म्हणजे मूळचे गेले, त्यांना पूर्ण भाव लागायला हवा, आणि तुम्ही निम्मा लावून बसाल. नफा विनाकारण फुगेल आणि जास्तीचा टॅक्स तुमच्या खिशातून जाईल.

तेव्हा शीटचा आकडा फक्त अंदाजाला ठेवा आणि खरा भाव त्या दिवशीच्या भावकॉपीतून घ्या. भावकॉपी म्हणजे एक्स्चेंजची त्या दिवशीच्या सगळ्या भावांची फाइल, त्यात नंतरच्या बोनसचा फेरफार नसतो, एनएसई आणि बीएसई दोघांच्याही साइटवर जुन्या तारखांच्या मिळतात. दोन्हीकडचा हाय बघा, नियमात मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचा सर्वोच्च भाव म्हटलंय. फाइल सेव्ह करून ठेवा, विचारणा झाली तर तीच दाखवायची. आणि 2018 च्या आधीही वडिलांना बोनस मिळालेले असतील तर त्यांना हा जानेवारीचा भाव लागू होतो, ते शून्यात टाकू नका. शेअर वडिलांच्या नावावर आहेत की वारसाने तुमच्याकडे आले यावरही थोडं अवलंबून आहे, तेवढं सीएला दाखवा.

प्रश्न (पवई): अमेरिकन कंपनीचे थोडे शेअर कंपनीकडून मिळालेत. रुपयात किंमत कशी दाखवू?

उत्तर: =गूगलफायनान्स("करन्सी:यूएसडीआयएनआर") हा चालू डॉलर रेट, त्याला शेअरच्या भावाने गुणा. घरच्या हिशोबाला एवढं पुरे. रिटर्न भरताना हा रेट चालत नाही, तिथे स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो दर) लागतो, शेअर विकले असतील तर विकलेल्या महिन्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. परदेशी मालमत्तेचं शेड्यूल आर्थिक वर्षाचं नसतं, जानेवारी ते डिसेंबरचं असतं, तेव्हा शीटमध्ये 31 डिसेंबरची नोंद वेगळी ठेवा. हे शेड्यूल रक्कम छोटी आहे म्हणून सोडू नका.

प्रश्न (लालबाग): आमच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये एक तयार शीट फिरतंय, त्यात सगळं आपोआप येतं आणि "बाय-सेल"ही येतं. त्यात आपले आकडे भरावेत का?

उत्तर: फिरणाऱ्या लिंकमध्ये अजिबात नाही. एडिट करता येणारी लिंक असेल तर तुमचे शेअर, रकमा सगळ्यांना दिसतात. फाइल मेनूत मेक अ कॉपी करा, कॉपी स्वतःच्या खात्यात ठेवा, पॅन आणि डीमॅट नंबर त्यातही लिहू नका. "बाय-सेल"च्या सेलवर क्लिक करून फॉर्म्युला वाचा, बहुतेक वेळा भाव 52 आठवड्यांच्या खालच्या भावाजवळ आला की "बाय" एवढंच लिहिलेलं असतं. तेवढ्यावर घामाचा पैसा लावू नका मित्रांनो.

प्रश्न (भांडुप): एक्सआयआरआर (वर्षाला किती टक्के परतावा) काढलं तर कधी एरर, कधी 140 टक्के असं काहीतरी येतं. ॲपमध्ये 13 दाखवतात. कोण बरोबर?

उत्तर: तीन गोष्टी बघा. एक, पैसे गेले ते मायनस आणि आले ते प्लस, आणि सगळ्यात शेवटी आजच्या तारखेला आजची एकूण किंमत प्लसमध्ये, ही शेवटची ओळ विसरली की एरर येते. दुसरं आणि सगळ्यात नडणारं, तारखा. शीटचं लोकॅल (देशाची सेटिंग) अमेरिकेचं असेल तर 05/06 ही आपली 5 जून तिथे 6 मे होते, आणि 15/06 तर तारीखच धरली जात नाही, टेक्स्ट म्हणून डावीकडे चिकटून बसते. फाइलमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन लोकॅल इंडिया करा आणि मग सगळ्या तारखा परत एकदा डोळ्यांखालून घाला, आधीच उलट्या बसलेल्या आपोआप सरळ होत नाहीत. तिसरं, पैसे गुंतवून दोन-चार महिनेच झाले असतील तर एक्सआयआरआर त्या थोड्या काळातली वाढ वर्षभराची करून सांगतं, दोन महिन्यांत 15 टक्के वाढलं की 130 टक्क्यांच्या वर दिसतं. तुमचे 140 बहुधा तसेच आलेत. वर्ष व्हायच्या आधी हा आकडा बघूच नका.

ॲपशी जुळवायचं तर ॲपमधून सगळ्या व्यवहारांची फाइल उतरवून घ्या आणि ओळीला ओळ लावा, एखादी रिडीम केलेली रक्कम किंवा स्विच कुठेतरी सुटलेलं सापडेल. आणि तुमच्या फंडाची तुलना निफ्टीशी करणार असाल तर गूगलफायनान्समधला निफ्टी घेऊ नका, तो नुसता भावाचा निर्देशांक आहे, त्यात डिव्हिडंड धरलेला नाही, त्यामुळे तुमचा फंड आहे त्यापेक्षा हुशार वाटतो. सेबीने फंडांना फेब्रुवारी 2018 पासून डिव्हिडंड धरलेल्या टीआरआयशीच तुलना करायला लावली ती यासाठीच. टीआरआयचे तारखेप्रमाणे आकडे निफ्टी इंडायसेसच्या साइटवरून डाउनलोड होतात, तुमच्या पहिल्या एसआयपीपासूनचे उतरवून वेगळ्या टॅबमध्ये ठेवा आणि तुमच्याच तारखांना तेवढेच पैसे त्यात टाकले असते तर काय झालं असतं याचंही एक्सआयआरआर शेजारी काढा.